परसाकडची खिडकी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कर्जत-खालापूरकडील आपल्या जुन्या घरांना कारवीच्या कुडाच्या भिंती, पुढे पडवी आणि मागे परसू असे. आता त्या जागी स्लॅबची घरे उठत आहेत. त्यांस माझा विरोध नाही. दरसाल घर शाकारण्याचे कष्ट मीही सोसले आहेत.

मात्र स्लॅब घालताना मी मागील पडवी बंद करून खोली काढली आणि चोरांच्या भयाने परसाकडे खिडकीच ठेवली नाही. पुढे आमचे कुटुंब पाय मोडून तीन महिने त्याच खोलीत पडून होते. एके दिवशी तिने विचारले, "यंदा फणस धरला का हो?" फणस तिच्या उशापासून दहा हातांवर!

अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी एका रुग्णालयातील नोंदी तपासून १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत, ते रोगी विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांस वेदनेवरील कडक औषधेही कमी लागली.

मी भिंत फोडून खिडकी बसविली. हाड त्यामुळे लवकर सांधले असे मी म्हणणार नाही. तिची झोप मात्र परतली.

आपल्या नियोजित विद्यार्थी-वसतिगृहाच्या नकाशात आंब्यांकडील भिंत कोरी आहे. बांधकाम समितीने तेथे खिडक्या दाखवाव्यात, अशी माझी सूचना आहे.