परवलीचा शब्द
(कार्यकर्ता अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित अंश)



परवलीचा शब्द मूळचा पहाऱ्यावरचा. तो ज्याला ठाऊक, त्यालाच छावणीत प्रवेश. असा शब्द परक्याला सहज सुचेल असा ठेवून कसे चालेल? २००९ साली ‘रॉकयू’ या अमेरिकी कंपनीकडून तीन कोटींहून अधिक पासवर्ड चोरीस गेले. त्यांत सर्वाधिक आढळला तो ‘१२३४५६’! आपल्याकडे आराध्यदैवताचे नाव आणि जन्मसाल लिहिले की काम झाले असे वाटते. श्रद्धा उत्तम, पण कुलूप म्हणून ती कुचकामी.

चिन्हे मिसळा, पासवर्ड वरचेवर बदला, हा दंडक अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी लिहिला. २०१७ मध्ये त्यांनीच त्याबद्दल खेद व्यक्त केला. आता भर लांबीवर आहे. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडावेत, तेही प्रत्येक खात्यास निराळे. एकीकडे फुटलेला शब्द चोर दुसरीकडे लावून पाहतातच.

आणि संस्थेचे ईमेल? त्यात देणगीदारांचे पत्ते असतात, आणि पासवर्ड मात्र पाच जणांत एकच! दायित्व बदलले की त्याच दिवशी तो बदला. द्विस्तरीय पडताळणी सुरू करा. ओटीपी कोणालाही सांगू नका. अध्यक्षांनी दूरध्वनीवरून मागितला, तरीही नाही.