नवा कंडेन्सर, जुना व्हॉल्व्ह

लोणंदवरून जाणारी रेल्वे मिरजेला पोहोचते, तंबोऱ्यांच्या गावी. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नवा तंबोरा वाजता वाजता मोकळा होतो, असं गाणारे सांगतात. लाकूड-भोपळ्याच्या वाद्याबाबत मला ते पटतं. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरचे शौकीन कंडेन्सरबद्दलही तेच म्हणतात : नवा बसवला की आवाज कोरडा, शे-दोनशे तास वाजला की गोड. हे कितपत खरं? आधी जुन्या रेडिओतले कंडेन्सर पाहू.

१९५३ मध्ये पुणे आकाशवाणी सुरू झाली, त्या सुमाराचे मर्फी, फिलिप्सचे रेडिओ सेट आपल्याकडे अजून माळ्यावर सापडतात. असा सेट खाली काढून थेट प्लगला लावू नका. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, आणि सगळा विजेचा दाब तोच अडवतो. वर्षानुवर्षं सेट बंद राहिला की हा थर कमकुवत होतो. डिमरस्टॅटने, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, व्होल्टेज हळूहळू चढवलं तर थर पुन्हा बांधला जातो, गळती उतरते, कधी शंभर हर्ट्झची गुणगुणही कमी होते. हा बदल मीटरवर दिसतो. मात्र कंडेन्सर आतून सुकलाच असेल तर तो बदलावाच लागतो.

दोन व्हॉल्व्हच्या मधला कपलिंग कंडेन्सर याहून महत्त्वाचा. जुन्या सेटमध्ये तो कागदाचा असतो आणि कागद ओल धरतो. हिशेब करून पाहू. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर १०० व्होल्ट आहेत, पुढच्या ग्रिडचा रेझिस्टर अर्ध्या मेगओहमचा आहे आणि कंडेन्सरची गळती दहा मेगओहमइतकी आहे. म्हणजे ग्रिडवर पावणेपाच व्होल्ट चढले. ईएल-८४ सारख्या व्हॉल्व्हला साधारण सात व्होल्टचा उलटा बायस लागतो. त्यातला मोठा भाग इथेच खाल्ला गेला. मग करंट वाढतो, प्लेट लाल होते, आवाज फाटतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. असा कंडेन्सर बदलला की पहिल्याच मिनिटाला गाणं स्वच्छ येतं. त्यासाठी दोनशे तास थांबावं लागत नाही.

राहिला आजचा पॉलिप्रॉपिलीनचा फिल्म कंडेन्सर. त्याची धारिता मायक्रोफॅरॅडमध्ये मोजा, गळती मोजा. शंभर तास वाजवून पुन्हा मोजा. कानाला कळेल असा फरक मला त्यात दिसत नाही. बदलतो तो कान. रोज तेच अॅम्प्लिफायर ऐकत गेलं की त्याचा स्वर ओळखीचा होतो, आणि ओळखीचं गोड लागतं. शिवाय व्हॉल्व्ह तापून स्थिर व्हायलाही वेळ जातो. थंड आणि तापलेल्या सेटची तुलना करून कंडेन्सरला श्रेय देणं चुकीचं आहे.

शंका असेल त्यांनी एकाच बनावटीचे दोन कंडेन्सर घ्यावेत, एक वापरलेला, एक कोरा. आवाजाची पातळी सारखी ठेवावी, अदलाबदल दुसऱ्याने करावी, आणि कोणता लागला आहे ते ऐकणाऱ्याला सांगू नये. असं दहा-वीस वेळा करून उत्तरं कागदावर लिहावीत. ज्याला खरंच ओळखता येईल, त्याचं म्हणणं मी मान्य करीन.

आपल्याकडच्या तरुण मुलांनी हे सेट दुरुस्त करावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. डिमरस्टॅट नसला तर निदान सेटच्या वायरीत सिरीजमध्ये बल्ब जोडून सेट सुरू करा : बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट शिल्लक असू शकतात. रेझिस्टर लावून ते उतरवा, मीटरने शून्य बघा, मगच आत हात घाला.