मधली चार वर्षं

रॉजर स्टॉबॅकची कारकीर्द सांगणारे एक वाक्य हमखास घालतात: नौदलाच्या नोकरीपायी त्याची चार वर्षं वाया गेली. अमेरिकेच्या ॲनापोलिस इथल्या नौदल अकादमीचा हा अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक. १९६३ साली त्याला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूची हाइस्मन ट्रॉफी मिळाली, संघ देशात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला आणि पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये डॅलस काउबॉइजकडून त्याने दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. ट्रॉफ्यांबद्दल वाद नाहीच. माझी हरकत आहे ती मधली वर्षं खर्चाच्या बाजूला टाकण्याला. रंगांधळेपणामुळे त्याला पुरवठा विभागात जावं लागलं. मायदेशातली नेमणूक मिळण्यासारखी होती, तरी त्याने व्हिएतनाम मागून घेतलं. चू लाइच्या तळावर मालाचा हिशेब ठेवायचा, हाताखालची माणसं सांभाळायची आणि सवड मिळेल तेव्हा चेंडू फेकायचा, असा त्याचा तिथला क्रम होता.

भाताचा तरवा उपटून खाचरात लावला की काही दिवस सगळं शेत पिवळं, मान टाकलेलं दिसतं. बांधावरून बघणाऱ्याला वाटतं, पीक गेलं. रोप मात्र तेव्हा नव्या चिखलात मूळ धरत असतं. क्वार्टरबॅकच्या बाबतीत हे जास्तच लागू पडतं, कारण त्याचं निम्मं काम डोक्याचं. अंगावर माणसं धावून येत असताना दोन-तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचं ते ठरवायचं असतं. १९६९ साली स्टॉबॅक सत्ताविसाव्या वर्षी नवखा म्हणून डॅलसला आला आणि दोन हंगाम बहुतेक क्रेग मॉर्टनच्या मागे बसून राहिला. १९७१ च्या मध्यावर संघ पक्केपणी त्याच्या हाती आला आणि डॅलस ओळीने दहा सामने जिंकलं. त्यातला शेवटचा होता मायामीविरुद्धचा सुपर बोल, २४-३. त्याने खेळ सोडला तेव्हा त्याचं पासर रेटिंग ८३.४ होतं, एनएफएलमध्ये तोवरचं सर्वांत वरचं. ही वाया गेलेल्या माणसाची कामगिरी आहे का, सांगा बरं!

कुणी म्हणेल, एका स्टॉबॅकवरून काय सिद्ध होतं? जो बेलिनो बघा. त्याच अकादमीचा, १९६० चा हाइस्मन विजेता. नौदलातून १९६५ साली बॉस्टन पेट्रियट्समध्ये गेला आणि तीन हंगामांत फारसा चमकला नाही. उदाहरण खरं आहे आणि ते मी टाळणार नाही. पण बेलिनो हाफबॅक होता, त्याची सगळी मदार पायांच्या वेगावर. तरवा जून झाला की फुटवे कमी येतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. धावणाऱ्याला ती वर्षं महाग पडतात, मी मान्य करतो. म्हणून सगळ्यांना एकच माप लावू नका, एवढंच माझं म्हणणं.

दुसरा आक्षेप असा, की १९६५ सालीच स्टॉबॅक डॅलसला गेला असता तर त्याचे आकडे मोठे झाले असते. झालेही असते. पण ॲनापोलिसचं शिक्षण सरकारी खर्चाने होतं ते पुढच्या सेवेच्या बोलीवरच. १९६३ चा तो हंगाम त्याला याच बोलीवर मिळाला. हंगाम जमेला धरायचा आणि सेवा तोट्यात दाखवायची, ही कुठली हिशेबाची रीत? पुन्हा सांगतो, मधली चार वर्षं त्याच्या कारकिर्दीतच मोजा.

वेळ थोडा उरला आहे, पण कीनन रेनॉल्ड्सचं नाव घेतल्याशिवाय थांबवत नाही. नेव्हीच्या, म्हणजे याच अकादमीच्या संघाच्या, या क्वार्टरबॅकने २०१५ पर्यंत स्वतः धावत ८८ टचडाउन केले आणि भूदल अकादमीच्या आर्मी संघाला चारही वर्षं हरवलं. २०१६ साली एनएफएलच्या बॉल्टिमोर संघाने त्याला खेळाडू-निवडीच्या सहाव्या फेरीत घेतलं, तेही चेंडू झेलणारा रिसीव्हर म्हणून. इथे सेवेला बोल लावता येणार नाही, कारण त्याला वाट पाहावीच लागली नाही. अडचण होती ती ट्रिपल ऑप्शन या धावण्यावर बेतलेल्या खेळाची. नेव्ही तेव्हा ज्या पद्धतीने खेळायची, तसे व्यावसायिक संघ खेळत नव्हते. आणि अकादम्या तसं का खेळत आल्या, तर वजनाच्या लष्करी अटींमुळे अवाढव्य लाइनमन त्यांना मिळत नाहीत, मग चपळाईवर भर द्यावा लागतो. त्यातून क्वार्टरबॅक कसा घडतो, हा भाग मात्र आज राहून गेला.