पुस्तक मिटल्यावर

बारावीची परीक्षा जवळ आली की आमच्या मोहल्ल्यातल्या घरांमधले टीव्ही मुके होतात. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. तरी या दिवसांत कवितेचं रसग्रहण समजून घ्यायला मुलं माझ्याकडे येतात, आणि बोलतात मात्र सगळ्याच विषयांबद्दल. गाऱ्हाणं एकच. ‘चाचा, वाचताना सगळं समजतं, पेपरात आठवत नाही. आमचं डोकंच कमी!’

हे शेवटचं वाक्य मला फार लागतं. या वाक्यापाशी कितीतरी मुलामुलींचं शिक्षण थांबतं. मुलगा दुकानात बसतो, मुलीच्या लग्नाचं बघू लागतात. दोष डोक्याचा नसतो, पुष्कळदा तो अभ्यासाच्या रीतीचा असतो.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं आपण सुरुवातीला झपाट्याने विसरतो, नंतर सावकाश. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे लक्षात घ्या.

कुरआन पाठ करणाऱ्या मुलांना हे नवं नाही. रोज नवा सबक, त्याच्या जोडीला अलीकडचे पाठ आणि जुना आमोख्ता. सगळं उस्तादांसमोर न बघता म्हणायचं. बारावीच्या मुलांनीही आजचा धडा, गेल्या आठवड्याचा आणि गेल्या महिन्याचा, असा फेरा ठेवावा.

पण नुसतं पाठांतर सगळ्या विषयांना पुरत नाही. गणित हाताने येतं. गाईडमधलं सोडवलेलं उदाहरण डोळ्यांनी वाचलं की सोपं वाटतं. ते झाकून कोऱ्या कागदावर सोडवा. एकाच प्रकारची वीस उदाहरणं ओळीने करण्यापेक्षा प्रकार मिसळा, कारण कुठली रीत वापरायची हे पेपरात कुणी सांगत नाही. भौतिकशास्त्रात सूत्रातलं प्रत्येक अक्षर कशाचं, त्याचं एकक कोणतं, हे आधी आपल्या शब्दांत सांगा. रसायनशास्त्रातल्या अभिक्रियांच्या चिठ्ठ्या करा, एका बाजूला नाव, मागे अभिक्रिया. जीवशास्त्रातली आकृती पुस्तक मिटून काढा, मग चुकलेली नावं लाल पेनने भरा.

कला आणि वाणिज्यवाल्यांनी ‘का’ विचारत जावं. किंमत वाढली की मागणी घटते, हा अर्थशास्त्रातला नियम. का घटते? बाजारातलं उदाहरण द्या, वक्र काढा, आणि ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे शब्द विसरू नका. नियमाचा सगळा तोल त्यांच्यावर आहे. इतिहासात सन एकटं टिकत नाही. आधी काय घडलं, पुढे काय झालं, या साखळीत ते टिकतं. आणि कविता? ती आधी मोठ्याने वाचा. कोणता शब्द मनात राहिला, का राहिला, यावर स्वतःच्या चार ओळी लिहा. गाईड त्यानंतर उघडा.

आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवा. रात्रभर जागू नका. वाचलेलं मनात मुरायला झोप लागते.

आता एक शब्द आईवडिलांसाठी. एका खोलीच्या घरात वेगळी अभ्यासिका कुठून आणणार? पण ‘किती पानं झाली?’ असं विचारण्याऐवजी ‘आज काय वाचलंस, मला सांग’ एवढं म्हणा. तुम्हाला त्यातलं कळलं नाही तरी चालेल. भाकऱ्या थापणाऱ्या आईला धडा समजावून सांगताना मुलगी कुठे अडखळते, ते तिचं तिलाच कळतं. तेवढंच पान तिने पुन्हा उघडावं. या अभ्यासाला फी लागत नाही.