ग्रीक बेटांची बोट



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही झाले ते रात्रशाळेत, सार्वजनिक वाचनालयात आणि गोदीच्या फाटकावर. तेव्हा प्राचीन ग्रीसच्या तत्त्ववेत्त्यांविषयी मी बोलू लागलो, तर तो आगाऊपणा होईल. मी आपल्याला ग्रीसमधल्या बोटींची हकीकत सांगणार आहे. बोटीविषयी आमच्या घराला थोडे कळते. आम्ही अलिबागकडचे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या बोटीचे नाव निघाले की आमची आजी हातातले काम खाली ठेवीत असे.

मध्यंतरी वाहतूक कामगारांच्या एका बैठकीसाठी मला अथेन्सला जाण्याचा योग आला. बैठक संपल्यावर एक दिवस हाताशी होता. सोबती देवळे पाहायला गेले. मी पारोस बेटाचे तिकीट काढले. अथेन्सहून पिरेयस बंदराकडे जाणारी आगगाडी १८६९ साली सुरू झाली. स्टेशनातून बाहेर पडलो की समोरच धक्का लागतो. तिथली बोट धक्क्याला कूस लावून उभी राहत नाही. ती पाठमोरी येते, पुढे नांगर टाकते आणि मागचा अवाढव्य लोखंडी दरवाजा धक्क्यावर आडवा टेकवते. तो दरवाजा हाच पूल. त्यावरून मालमोटारी चढतात, फटफट्या चढतात, आणि त्यांच्याच अंगाला घासून आपण चढतो. आत सामानाच्या फडताळांवर बेटांची नावे लिहिलेली असतात. चार-साडेचार तासांचा प्रवास. बेट आले की बोट मोजकी मिनिटे थांबते. उतारू आधीच खाली येऊन मालमोटारींच्या मध्ये ताटकळत असतात, साखळ्या खडखडतात, दरवाजा खाली जाऊ लागतो, आणि खलाशी ओरडून ओरडून माणसे आणि गाड्या हाकतात. उशीर झाला तर पुढचे बेट खोळंबते.

मंडळी, ग्रीसमध्ये वस्ती असलेली बेटे दोनशेहून अधिक आहेत. मोठ्या बेटांवर विमाने उतरतात, पण पीठ, सिमेंट, औषधे आणि म्हातारीला भेटायला येणारा मुलगा बहुधा बोटीनेच येतो. उन्हाळ्यात तिथे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. वाऱ्याने हद्द ओलांडली की बंदराचे अधिकारी बोटी सोडत नाहीत. ज्या बेटांवर जाणे कंपन्यांना परवडत नाही, त्या मार्गांना तिथे 'नापीक मार्ग' म्हणतात आणि सरकार पैसे देऊन ते चालू ठेवते. शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द बोटीला लावला आहे, पण अर्थ मला चटकन कळला.

आता त्या दरवाजाकडे वळतो. ८ डिसेंबर १९६६. 'हेराक्लिओन' नावाची बोट वादळात क्रीटहून पिरेयसला निघाली होती. आत संत्र्यांनी भरलेली एक मालमोटार होती. ती नीट बांधलेली नव्हती. हेलकाव्यांत ती सुटली आणि बोटीच्या कुशीतल्या माल चढवायच्या दारावर आदळत राहिली. शेवटी दार फुटले. दोनशेहून अधिक माणसे बुडाली, पन्नासही वाचली नाहीत. चौकशीत मालक कंपनीचा हलगर्जीपणा उघड झाला आणि मालकाला शिक्षा झाली.

पण मला सांगायचे आहे ते त्यापुढचे. क्रीटच्या लोकांनी नुसते रडून भागवले नाही. १९६७ साली हानिया शहरात त्यांनी स्वतःची जहाजकंपनी काढली, 'आनेक'. शेतकरी, दुकानदार, शिक्षक अशा हजारो सामान्य माणसांनी छोटे छोटे भाग घेतले. पुढाकार घेणाऱ्यांत एक बिशपही होते. १९७० साली त्यांची पहिली बोट पाण्यात उतरली. आपल्याकडे साखर कारखान्याचे भाग घेतलेल्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

पारोसचे बंदर जवळ आले तेव्हा शेजारच्या उतारूने बोट दाखवून मला दोन खडक दाखवले. पोर्तेस त्यांचे नाव. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री 'एक्स्प्रेस सामिना' ही ३४ वर्षांची जुनी बोट त्यांवर आदळली. खडकांवर दिवा होता. तो नव्हता म्हणून अपघात झाला असे कुणालाही म्हणता आले नाही. पाचशेहून अधिक माणसे बोटीवर होती, ऐंशीच्या वर गेली. जहाजाच्या पोटात पाणी अडवणारी दारे असतात. एक कप्पा फुटला तर बाकीचे कोरडे राहावेत म्हणून ती बंद ठेवायची असतात. त्या रात्री त्यांतली बहुतेक उघडी होती. सारखी उघडझाप करण्याचा कंटाळा येतो, काम अडते, म्हणून उघडी. वादळी वाऱ्यात पारोसचे कोळी आपल्या होड्या घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी पुष्कळ माणसे काढली.

इथपर्यंत मी बोललो ते कामगार पुढाऱ्याला सोपे आहे. मालक लोभी, बोट जुनी, एवढे म्हटले की टाळ्या मिळतात. यापुढचे मला जड जाते.

५ सप्टेंबर २०२३ रोजी पिरेयसला क्रीटची बोट सुटत होती. एक उतारू धावत आला आणि टेकलेल्या दरवाजावर चढला. दरवाजा धक्क्यापासून सुटत होता. खलाशांनी त्याला मागे ढकलले. तो समुद्रात पडला आणि बुडाला. बोट थांबली नाही. तिला मागाहून परत बोलवावे लागले. कप्तान आणि खलाशी यांच्यावर गुन्हे दाखल झाले. जहाजमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. लोक रस्त्यावर उतरले.

बंधूंनो, ढकलणारे हात मालकाचे नव्हते, आपल्यातल्याच माणसाचे होते. मी त्या रात्री बैठकीतल्या एका ग्रीक खलाशाला विचारले. तो म्हणाला, "वेळ पाळा, वेळ पाळा, हे दिवसातून दहा वेळा कानी पडते." मी म्हणालो, "ते खरे, पण त्या वेळापत्रकात माणसाला ढकला असे लिहिले होते काय?" तो बराच वेळ गप्प राहिला. मीही गप्प राहिलो, कारण आपल्या फाटकावरही घाईच्या वेळी अडलेल्या माणसाशी आपण कसे वागतो, ते मला आठवत होते.

तिथल्या खलाशांची संघटना १९२० पासूनची आहे. ती संप करते तेव्हा बेटांवर भाजी सडते आणि दुकानांतली फळ्या रिकाम्या होतात. २००६ आणि २०१३ साली सरकारने सक्तीचा हुकूम काढून खलाशांना कामावर आणले. संपाचा हक्क हिरावणे मला मान्य नाही; मी उद्याही त्याविरुद्ध उभा राहीन. पण ज्या बेटकऱ्याची भाजी सडली, तो आपल्या बाजूने उभा राहायला हवा असेल, तर बाकीच्या तीनशे दिवशी त्याने आपल्याला दारात कसे पाहिले, हे महत्त्वाचे आहे. कामाचे तास, पुरेशी माणसे, पगार, हे मागताना 'दार बंद केल्याशिवाय बोट हलवणार नाही आणि माणूस दारात असताना दार हलवणार नाही' ही मागणीही आपल्या यादीत हवी. ती मालकाकडे आहे तितकीच आपल्या स्वतःकडे आहे.

आणखी एक गोष्ट लपवत नाही. क्रीटच्या लोकांची ती 'आनेक' कंपनी कर्जात आली आणि २०२३ च्या अखेरीस एका मोठ्या उद्योगसमूहात विलीन झाली. हजारोंनी उभी केलेली गोष्टही नुसती उभी करून टिकत नाही. सभेला यावे लागते, हिशेब विचारावे लागतात.

संध्याकाळी परतीच्या बोटीत चढताना एक म्हातारी पिशव्या घेऊन मागे राहिली होती. दरवाजावरच्या तरुण खलाशाने हात वर करून मागची मालमोटार थांबवली, तिच्या पिशव्या उचलल्या आणि तिला आत घेतले. फार तर एक मिनिट गेले. पिरेयसला आम्ही वेळेवर पोहोचलो की उशिरा, हे मी घड्याळात पाहिले नाही.