धानाचा खैरा आणि माणसाचा फ्लू



बिरसी, कामठा, गोंदिया हा आपला सारा मुलूख धानाचा. तेव्हा तापाची गोष्टही धानापासूनच सुरू करू या. रोवणी होऊन दोन-तीन आठवडे झाले, की एखाद्या बांधीतले धान खुंटते, पानांवर गंजासारखे तांबूस ठिपके येतात. हा खैरा. 1966 च्या सुमारास पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. नेने यांनी दाखवून दिले, की खैरा होतो तो जमिनीत जस्त कमी पडल्यामुळे. झिंक सल्फेट दिले, की धान पुन्हा हिरवे होते.

जे धानाचे, तेच थोडेबहुत माणसाचे. आपल्या सबंध शरीरात जस्त असते अवघे दोन-तीन ग्रॅम. पण तेवढ्यावाचून मूल नीट वाढत नाही. बिहारात जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांना 1960 च्या सुमारास इराणात वाढ खुंटलेले तरुण आढळले. त्यांचे खाणे जवळजवळ नुसत्या रोटीचे. धान्यातला फायटेट नावाचा पदार्थ जस्ताला धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. या तरुणांवरूनच माणसाला जस्ताची किती गरज आहे, हे जगाला कळले.

आता फ्लूशी याचा संबंध काय? फ्लूचा विषाणू नाका-घशात शिरला, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्याशी झुंजतात. या पेशी तयार व्हायला जस्त लागते. तांबे, लोह, सेलेनियम यांचीही कामे ठरलेली आहेत. 2001 साली अमेरिकेत उंदरांवर एक प्रयोग झाला. सेलेनियम कमी दिलेल्या उंदरांना सौम्य फ्लूनेही फुप्फुसाची जबर सूज आली. एवढेच नव्हे, तर त्यांच्या अंगात विषाणूच बदलला. म्हणजे घर कच्चे असेल तर चोरही शेफारतो!

1918 सालचे उदाहरण पाहा. जूनमध्ये हा ताप मुंबईत आला आणि आगगाडीच्या वाटेने देशभर पसरला. पावसानेही त्या साली दगा दिला होता. अर्धपोटी माणसांवर साथ कोसळली आणि देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. आपला त्या वेळचा मध्य प्रांत फार होरपळला.

पण म्हणून कोणी जस्ताच्या गोळ्या मूठभर खाऊ नयेत, बरं का! त्यांनी फ्लू बरा होत नाही. उलट जस्त फार झाले, की तांबे अंगी लागत नाही आणि रक्त व पांढऱ्या पेशी दोन्ही घटतात. खैऱ्यावर औषध दिले म्हणून कोणी सारे पोतेच बांधीत ओतते काय? "ताकदीची" म्हणून बाजारात मिळणारी बाटली घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मग करायचे काय? पांढराशुभ्र, फार घासलेला तांदूळ सोडून थोडा कोंडा राखलेला तांदूळ खा. हरभरा, मूग, पोपट भिजवून मोड आणा. त्याने फायटेट कमी होते. बोडीतली लहान मासळी, अंडे, तीळ, शेंगदाणे जमतील तसे ताटात येऊ द्या. भाजीवर लिंबू पिळा, लोह चांगले लागते. जेवणाबरोबर चहा नको.

गुरुजनांना एक विनंती. खैऱ्याची रोपे आणि निरोगी रोपे वर्गात शेजारी शेजारी ठेवा. मुलांना हा धडा लांबलचक व्याख्यानापेक्षा लवकर कळेल.

आणि ताप आलाच तर? विश्रांती घ्या, पाणी-पेज प्या, खोकताना तोंडावर रुमाल धरा. लहान मुलांना ॲस्पिरिन मुळीच देऊ नका. धाप लागली, छातीत दुखू लागले, माणूस बरळू लागला किंवा मूल दूध पिईना, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. म्हातारी माणसे, गरोदर बाया, दम्याचे आणि मधुमेहाचे रोगी यांनी दरवर्षीच्या लसीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

चांगले अन्न अंगाला बळ देते. लस आणि वेळेवर उपचार जीव राखतात. या दोन्हींची सांगड घाला, एवढेच आजचे सांगणे.