मातीचा बांध आणि त्याच्या मालकाचे कर्तव्य



पाणी अडविणे हे पुण्यकर्म आहे, ही आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची भावना आहे आणि ती योग्यच आहे. एखाद्याने ओढ्याच्या वरच्या अंगाला मातीचा बांध घातला, तर त्याच्या स्वतःच्या रब्बीची सोय होतेच. शिवाय खालच्या विहिरींना पाझर फुटतात, गुराढोरांना उन्हाळ्यात पाणवठा मिळतो आणि शिवारात वाहून जाणारी माती जागच्या जागी राहते. मात्र या कर्माच्या दुसऱ्या बाजूविषयी फारसे बोलले जात नाही. एक हेक्टर पसरलेल्या आणि सरासरी तीन मीटर खोल असलेल्या तळ्यात तीस हजार घनमीटर, म्हणजे तीन कोटी लिटर पाणी मावते. त्याचे वजन तीस हजार टन भरते. हे सारे एका मातीच्या भिंतीने अडवून धरलेले असते, आणि त्या भिंतीखाली राहणारी माणसे बहुधा तिची मालक नसतात. लाभ एकाचा आणि धोका दुसऱ्याचा, अशी ही मूळची रचना आहे.

मातीचे धरण फुटणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली. ही दोन्ही धरणे सरकारी होती. खासगी बांधाची गोष्ट निराळी असते, कारण तेथे बांधणारा, वापरणारा आणि तपासणारा असा एकच इसम असतो. या प्रकारातील सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. ते दूरचे आणि जुने असले, तरी त्याचा तपशील आपल्या शिवारातही जसाच्या तसा लागू पडतो.

पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचे मातीचे धरण होते. उंची ७२ फूट, लांबी सुमारे ९३१ फूट. राज्य सरकारने ते कालव्याला पाणी पुरविण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पूर्ण केले. त्याच सुमारास रेल्वे आली, कालवा निरुपयोगी ठरला आणि १८५७ मध्ये धरण रेल्वे कंपनीकडे गेले. १८६२ मध्ये त्याच्या तळातील दगडी मोरी ढासळून बांधाचा काही भाग वाहून गेला. तळे अर्धे रिकामे असल्याने फार हानी झाली नाही. पुढे १८७५ मध्ये ते एका गृहस्थाने विकत घेतले. त्याने पाणी सोडण्यासाठी बसविलेले पाच बिडाचे नळ काढून मोडीत विकले. १८७९ मध्ये ते बेंजामिन रफ यांच्याकडे आले आणि तेथे पिट्सबर्गच्या धनिकांचा मासेमारी व शिकारीचा क्लब सुरू झाला. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक हे त्याचे सभासद होते. म्हणजे पैशाची वाण मुळीच नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

रफ यांनी खिंडार माती, झाडोरा आणि गवत टाकून बुजविले. नळ मात्र पुन्हा बसविले नाहीत. बांधावरून घोडागाड्या सोयीने जाव्यात म्हणून त्याचा माथा काही फूट खाली उतरविण्यात आला. तळ्यात सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाला जाळ्या लावल्या. यांपैकी प्रत्येक गोष्ट वेगळी पाहिली तर किरकोळ वाटते. १८८० मध्ये खालच्या जॉन्सटाउन गावातील पोलाद कारखान्याचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी आपले अभियंते जॉन फुल्टन यांना पाहणीस पाठविले. तळे रिकामे करण्याची सोय नाही आणि दुरुस्त केलेल्या भागातून पाणी झिरपते, हे दोन दोष फुल्टन यांनी स्पष्ट लिहून दिले. दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारीही मॉरेल यांनी दाखविली. तुम्हांला कसलाही धोका नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन क्लबने विषय संपविला.

३१ मे १८८९ रोजी, रात्रभराच्या मुसळधार पावसानंतर, तळे चढू लागले. जाळ्यांत पालापाचोळा आणि ओंडके अडकून सांडवा तुंबला. मजुरांनी नांगर धरून माथ्यावर माती चढविण्याचा, दुसऱ्या बाजूने नवा चर खोदण्याचा प्रयत्न केला. नळ असते तर पाणी आधीच उतरविता आले असते. दुपारी तीनच्या सुमारास पाणी माथ्यावरून वाहू लागलेला बांध गेला. चौदा मैलांवरील जॉन्सटाउनपर्यंत तो लोंढा सुमारे तासाभरात पोहोचला. २२०९ माणसे मृत्युमुखी पडली. क्लबविरुद्ध दावे झाले. कोणालाही भरपाई मिळाली नाही, कारण ती दैवी आपत्ती ठरविण्यात आली.

दैवाकडे बोट दाखविण्यापूर्वी मातीचा स्वभाव पाहावा. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेले तरी तो बहुधा तग धरतो. मातीचा बांध धरत नाही. पाणी माथ्यावरून ओसंडले की मागचा उतार कापला जातो, घळ पडते आणि काही वेळातच ती तळापर्यंत जाते. म्हणून बांधापेक्षा सांडवा महत्त्वाचा. तो भरावावर नव्हे, तर कडेच्या मूळ टणक जमिनीतून काढावा, ऐसपैस ठेवावा आणि त्यात जाळी, झुडूप, दगडांची आडकाठी असे काहीही येऊ देऊ नये. अधिक पाणी साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. त्या वीतभर पाण्याच्या लोभापायी सारा बांध पणाला लागतो.

दुसरा शत्रू आतून येतो. प्रत्येक मातीचा बांध थोडाफार झिरपतोच. झिरप स्वच्छ असेल आणि वाढत नसेल, तर लक्ष ठेवणे पुरेसे. ती गढूळ झाली, म्हणजे पाण्याबरोबर बांधाची माती बाहेर येऊ लागली; आत पोकळ नळी तयार होत आहे आणि ती उगमाकडे सरकत आहे, असे समजावे. उंदीर, घुशी आणि खेकडे यांची बिळे या कामास हातभार लावतात. बांधावर वाढलेल्या झाडांची सावली सुखद असते. पण झाड मेले की त्याची मुळे कुजून भरावात पोकळ्या उरतात. बांधावर गवत हवे, वृक्ष नकोत. बाभूळ लहान असतानाच उपटलेली बरी. मोठी झाल्यावर ती तोडणेही जोखमीचे होते. गाळ काढताना बांधाच्या पायथ्यापर्यंत खोदत जाणे हाही मोठा धोका आहे. फुकटची माती शेतात पडते, पण बांधाचा पाय उघडा होतो. तळे एकाएकी उपसून रिकामे केले तरी आतला ओला उतार घसरतो.

मालकाच्या जबाबदारीविषयी कायद्याने दोन प्रसिद्ध निर्णय दिले आहेत. इंग्लंडमध्ये रायलंड्झ नावाच्या गिरणीमालकाने आपल्या जमिनीवर तळे बांधून घेतले. त्याचे पाणी जुन्या खाणीच्या विवरांतून फ्लेचर यांच्या खाणीत शिरले. मालकाचा प्रत्यक्ष हलगर्जीपणा नव्हता, तरीही त्याने भरपाई द्यावी, असा निकाल १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. स्वतःच्या सोयीसाठी ज्याने धोक्याची वस्तू साठविली, त्याने तिचे परिणामही सोसावेत, हे त्यामागचे तत्त्व. मद्रास इलाख्यातील कार्वेटीनगरम्‌च्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीने फुटून रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा मात्र १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने वेगळा निर्णय दिला. हे तलाव पुरातन असून लोकांच्या जीवनाचा आधार आहेत. ते राखणे जमीनदारावर बंधनकारक आहे. त्याने वाजवी काळजी घेतली होती, म्हणून तो दोषी नाही, असे कौन्सिलने म्हटले. हे निकाल वरवर परस्परविरोधी वाटतात. पण दुसऱ्या निकालातील सवलत काळजी घेणाऱ्यासाठी होती, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाऊ नये.

अशा काळजीची परंपरा पूर्व विदर्भात होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारांच्या मालकीचे हजारो तलाव होते. कोहळी समाज ते बांधण्यात निष्णात मानला जाई. धानाला ऐन निसवण्याच्या वेळी पाणी, ढिवर समाजाला मासळी, गावाला पाणवठा, असे अनेकांचे हितसंबंध त्यात गुंतलेले असल्याने पाळीवर अनेकांचे लक्ष असे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. तलाव सरकारजमा होऊन माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. पण पाळ कोणी पाहायची, हा प्रश्न अधांतरी राहिला आणि अनेक तलाव गाळाने भरले.

आज २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे. तो पंधरा मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींसह दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. शेतावरचा पाच-सहा मीटरचा बांध त्याच्या कक्षेत येत नाही. तेथे मालकाशिवाय दुसरा निरीक्षक नाही.

साउथ फोर्कचे दोष हात बदलताना शिरले, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. एकाने नळ काढले, दुसऱ्याने माथा उतरविला; आधीच्याने काय केले याची पुढच्याला फिकीर नव्हती. आपल्याकडे हेच भाऊवाटणीत होते. जमीन तिघांत विभागली जाते, बांध मात्र तिघांच्या हद्दीवर उरतो. वाटणीपत्रात विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या काटेकोर लिहिल्या जातात. त्याच कागदावर आणखी चार ओळी असाव्यात : मृग नक्षत्रापूर्वी सांडवा कोणी मोकळा करायचा, झडप कोणी चालवून पाहायची, पावसाळ्यात पायथ्याची झिरप कोणी रोज पाहायची, आणि ती गढूळ दिसल्यास खालच्या वस्तीवर निरोप कोणी न्यायचा.